जावातली भवानी आणि अर्धवट बाटिक

आपण जावाला चाललोय, ही बातमी कृष्णात जगदाळेने कामोठ्याच्या सह्यशोभा सोसायटीत फक्त एका माणसाला सांगितली. त्या माणसाचं नाव गोटीराम भोईर. त्यामुळे दुसऱ्या कुणाला सांगायची गरजच उरली नाही.

गोटीराम मूळचा सारसोळ्याचा. सोसायटीखालचे दोन गाळे त्याचे. ते भाड्याने देऊन तो दिवसभर त्याच गाळ्यांपुढे खुर्ची टाकून बसायचा. कोण वर गेलं, कोण खाली आलं आणि कुणाच्या पिशवीतून काय डोकावत होतं, हे सगळं त्याला पाठ. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा साक्षीदार म्हणून कृष्णातने त्यालाच उभं केलं. पोलिसाने एवढंच विचारलं की हा माणूस कसा आहे. गोटीराम म्हणाला, "मानूस बेस हाय सायब, पन भाव करताना देवाला पन सोरनार नाय." पोलिसाने हे वाक्य कागदावर कसं उतरवलं ते माहीत नाही, पण पासपोर्ट यायला त्यानंतर बराच वेळ लागला खरा.

कृष्णात वाशीच्या फळबाजारात आडतदार. आंबा, मोसंबी, डाळिंब, हंगामाप्रमाणे. मूळ गाव साताऱ्याकडे. बाजार कुठलाही असो, विकणारा आणि घेणारा सगळीकडे सारखाच, असं त्याचं ठाम मत. हे मत तो लग्नात, बारशात आणि एकदा दहाव्यालाही बोलून दाखवून आला होता.

पण जावाची हौस त्याची नव्हती, मंजुषाची होती. समाजमंदिरातल्या महिला मंडळाने बाटिकचा वर्ग घेतला, तिथून ते खूळ घरी आलं. कापडावर गरम मेणाने नक्षी काढायची, मग कापड रंगात बुडवायचं, मग मेण उकळून काढायचं. मेण होतं तिथे रंग चढत नाही, तीच नक्षी. मंजुषाने मेण वितळवलं ते चहाच्या पातेल्यात. पुढचा आठवडाभर जगदाळ्यांच्या घरी चहावर सायीसारखं काहीतरी जमायचं आणि दूध चांगलं लागलंय म्हणून कृष्णात खूश होता. कापड मात्र बिघडलं. वर्गाच्या बाईंनी सांगितलं, की खरं काम बघायचं तर जावात, तिथे बायका अजून हाताने काढतात. त्या दिवसापासून मंजुषाने साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. हाताने काढलेलं एक अस्सल बाटिक, आणि ते काढणारा हात डोळ्यांनी बघायचा, एवढंच तिचं मागणं. बाली दाखवणाऱ्या एका टूर कंपनीने जाता जाता दोन दिवस जावातलं योग्यकर्ता शहरही दाखवायचं कबूल केलं आणि जायचं ठरलं. त्या दोन दिवसांत बाजारासाठी मोकळी अशी एकच सकाळ होती.

मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, भाकऱ्या घेऊन जा. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं, भाकऱ्या विमानतळावर काढून घेतात, थालीपीठ न्या, ते त्यांना कळत नाही. गोटीरामने तिकडचा सुक्या मासळीचा बाजार बघून यायला सांगितलं. त्याची बायको गोजरा खाडीकाठच्या दिवाळे गावची, सुक्याचा धंदा तिच्या माहेरचा. सोसायटीच्या सेक्रेटरी सरोजिनीबाई मात्र रीतसर आल्या. तिकडे सावल्यांच्या खेळात अजून महाभारत चालतं आणि त्याच्या बाहुल्या मिळतात, असं त्यांनी वाचलं होतं. त्यांना भीम हवा होता. फक्त तो चामड्याचा नसावा, कारण देवघराशेजारी लावायचा आहे. त्या बाहुल्या चामड्याच्याच असतात हे मंजुषाने सांगून बघितलं. कृष्णात म्हणाला, होतंय की. बाजारातली तीस वर्षं त्याने या दोन शब्दांवर काढली होती.

योग्यकर्त्याचा मोठा बाजार म्हणजे बेरिंगहार्जो. टूरची मनस्वी नावाची मुलगी हातात पिवळी छत्री घेऊन पुढे चालायची आणि सगळे तिच्यामागून. छत्री मिटून तिने सांगितलं, की पुढच्या भागात सगळं छापील बाटिक आहे, हाताने काढणारी एक आजी मागच्या गल्लीत बसते, सरळ बाजार ओलांडून जा, आणि जेवणाच्या वेळेला बसपाशी या. बस थांबणार नाही.

सरळ ओलांडून जा, हे मनस्वीने एका आडतदाराला सांगितलं, हीच तिची चूक.

बाजार नुकताच उघडत होता. पडदे वर जात होते, झाडलोट चालली होती. मसाल्याचा वास आला आणि कृष्णातची पावलं आपोआप मंदावली. एका बाईकडे झाडू होते, माडाच्या हिरांचे, आपल्याकडे असतात तस्सेच. कृष्णातने नुसता एक उचलून बघितला. त्याला झाडू घ्यायचा नव्हता. झाडू घ्यायला कुणी समुद्र ओलांडत नाही. पण बाईने भाव सांगितला, त्याने सवयीने निम्मा सांगितला आणि ती चटकन हो म्हणाली. पैसे हातात पडताच तिने ती नोट उरलेल्या सगळ्या झाडूंवर टपटप आपटली आणि पुटपुटली, "लारिस, लारिस."

कृष्णात जागच्या जागी थिजला.

"मंजे," तो म्हणाला, "भवानी हाय ही. ह्यांच्यात पण भवानी हाय."

आता भवानी म्हणजे काय हे बाजारात न वाढलेल्यांना सांगायला हवं. सकाळची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती झाली की दिवस चालतो. पहिलं गिऱ्हाईक वस्तू हाताळून, भाव विचारून रिकाम्या हाताने गेलं, की दिवस बसला. म्हणून विकणारा पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवत नाही, आणि जाणता माणूस सकाळी सकाळी कुणाच्या मालाला उगाच हात लावत नाही. हे कृष्णातच्या वडिलांनी त्याला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. कुणाची भवानी मोडू नये. एक वेळ नवस मोडावा.

आणि इथे तर अख्खा बाजार भवानीसाठी बसलेला.

पुढच्या गाळ्यात दगडी खल होते, चटणी वाटायचे. कृष्णातने फक्त बोटाने वाजवून बघितला. बाई उठून उभी राहिली, "पेंगलारिस, पेंगलारिस" म्हणत तिने हात जोडले. म्हणजे भवानी अजून झाली नव्हती. आता काय करणार? खल घेतला. पाट्यावरवंट्याचा नातेवाईक होता तो, वजनालाही तसाच. त्यापुढे ताडाचे पंखे. त्यापुढे डोक्यावर घालायच्या बाटिकच्या टोप्या, शिवून तयार फेट्यासारख्या, मागे गाठीचा गोंडा. त्यापुढे वेताच्या टोपल्या. प्रत्येक ठिकाणी तो नुसतं बघायचा, नुसतं बघता बघता हात लागायचा आणि हात लागला की संपलं. प्रत्येक बाई नोट मालावर आपटायची, कृष्णात आपलं पाकीट कपाळाला लावायचा आणि दोघं एकमेकांकडे अशा समाधानाने बघायची की जणू सोयरीक जुळली.

बाजारात बातमी माणसाच्या आधी पोचते, वाशीतही आणि जावातही. एक जाडा पाहुणा आलाय, त्याला पेंगलारिस म्हटलं की तो घेतोच, हे चार गाळे पुढे जाऊन बसलं. मग हात लावायचीही गरज उरली नाही. लोक वस्तू आणून त्याच्या हातात ठेवू लागले. एका म्हाताऱ्याने पक्ष्याचा पिंजरा दिला, बांबूचा, कोरीव, वर छोटा घुमट. कृष्णातकडे पक्षी नव्हता. तो पाळायचा विचारही नव्हता. पण म्हाताऱ्याची भवानी नव्हती.

मंजुषा आधी हसत होती. मग ती टोपल्या धरून उभी राहिली. मग तिने घड्याळाकडे बघितलं. मग ती काहीच बोलेना. बायको बोलत नाही याचा अर्थ तिला बाजार आवडला, असा कृष्णातने लावला. पिंजऱ्याचं दार नीट लागतं का हे तो म्हाताऱ्याकडून समजून घेत होता, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या भवान्या उरकल्या की या." आणि टोपल्या खलावर ठेवून निघून गेली.

हे वाक्य त्याच्या डोक्यात शिरायला आणखी दोन गाळे लागले. एवढ्या लांब ही बाई एका कापडासाठी आली. तिची एकुलती एक सकाळ आपण झाडूत घातली. तो पळत सुटला. एका हातात पिंजरा, दुसऱ्यात खल आणि पंखे घातलेली टोपली, काखेत झाडू, आणि दोन्ही हात अडकल्याने टोपी डोक्यावर. लोकांनी आदराने वाट दिली. अशा वेशात पळणारा माणूस एकतर कुणाच्या लग्नाला चाललेला असतो, किंवा स्वतःच्या.

मागच्या गल्लीत मंजुषा सापडली. ठेंगण्या स्टुलावर बसलेली, आणि समोर एक वाळकीशी म्हातारी. म्हातारीच्या पुढ्यात लाकडी दांडीवर पांढरं कापड लोंबत होतं. शेजारी छोट्या चुलीवर मेणाची कढई. पितळी तोटीची एक लेखणी ती मेणात बुडवायची, फुंकर घालायची आणि कापडावर वेल अशी सोडायची की जणू वेल आधीपासूनच तिथे होती, ही फक्त तिच्यावरून हात फिरवतेय. मंजुषा श्वास रोखून बघत होती. कृष्णात धापा टाकत उभा राहिला तरी तिने मान वळवली नाही.

आता शहाण्या माणसाने गप्प बसून बघितलं असतं. पण कृष्णातच्या मनाला अपराध टोचत होता, आणि आडतदाराच्या मनाला अपराध टोचला की तो सौदा करतो. बायकोला हेच कापड हवंय, हे त्याने ठरवून टाकलं. बोट दाखवून भाव विचारला. म्हातारीने मान हलवली. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा मान हलवली आणि हाताने काहीतरी लांबलचक सांगितलं. शेजारी बसलेल्या तिच्या भाचीने कॅल्क्युलेटरवर एक आकडा दाखवला, तो भिंतीवरच्या एका तयार कापडाचा होता. कृष्णातला वाटलं, ह्याचाच. आणि म्हातारी मान हलवतेय म्हणजे मुरलेली आहे, चारचौघांत भाव फोडायला तयार नाही.

अशा विक्रेत्यांसाठी वाशीत एक जुनी रीत होती. आता नियम उघड लिलावाचा आहे, पण जुन्या बोटांना अजून आठवण आहे. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. कुठलं बोट, किती पेरं, किती वेळा, यावर आकडा. बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. दोघांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

कृष्णातने पिंजरा आणि टोपली खाली ठेवली, खिशातून रुमाल काढला, झटकला, म्हातारीचा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला.

शेजारच्या गाळ्यातली कात्री थांबली. म्हातारीने त्याच्या टोपीकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं, मंजुषाकडे बघितलं. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी मिश्कील हललं आणि तिने हात काढून घेतला नाही.

कृष्णातने दोन बोटं दाबली. म्हातारीने प्रेमाने चार दाबली. कृष्णातला घाम फुटला. ही तर वर चालली. त्याने तीन दाबली. तिने सगळा पंजा दाबला, दोनदा. असा विक्रेता त्याने उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. चेहरा हसरा आणि बोटं पोलादी. त्याने वाढवलं, तिने वाढवलं. गल्लीतल्या बायका तोंडावर धरायला पदर नसल्याने कापडाचे तागे धरून हसत होत्या. मागे टूरमधला कुणीतरी मोबाईल धरून उभा होता. शेवटी कृष्णातने तिचा पंजा घट्ट दाबून "झाला" म्हटलं आणि भाचीच्या कॅल्क्युलेटरवर ठरलेला आकडा टाकून दाखवला. भाचीने तो वाचला, डोळे मोठे केले आणि म्हातारीच्या कानात सांगितलं. म्हातारी कितीतरी वेळ हसत राहिली. मग तिने दांडीवरचं कापड उतरवलं, घडी केली, आणि ही दोघं निघताना आपली ती पितळी तोटीची लेखणी मंजुषाच्या मुठीत ठेवून मूठ बंद केली.

बसकडे जाताना कृष्णात छाती काढून चालत होता. मंजुषाने लेखणी जपून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "अहो, ते विकायला नव्हतं."

"म्हणजे?"

"अर्धंच काढून झालं होतं. रंगच दिलेला नाही. नुसतं मेण आहे. भाचीनं दाखवलेल्या भावापेक्षा तुम्ही जास्त देऊन आला. आणि तो भाव दुसऱ्याच कापडाचा होता."

"मग तू बोलली का न्हाईस?"

"कधी बोलू? तुम्ही तिचा हात धरून बसला होता."

पाकीट रिकामं झालं होतं, मनस्वीची पिवळी छत्री हलत होती आणि बस सुरू होती. दुसरं कापड घ्यायला वेळ उरला नव्हता.

बसमध्ये साताऱ्याहून फोन आला. वेणूबाईचा, म्हणजे कृष्णातच्या आईचा. मोबाईलवाल्या सहप्रवाशाने व्हिडिओ टूरच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून तो कामोठ्यात आणि कामोठ्यातून गावी पोचला होता. वेणूबाईच्या लेखी मोबाईलवर दिसतं ते त्या क्षणी चालू असतं.

"कृष्णा, त्या म्हातारीचा हात कशापायी धरलायस?"

"आये, सौदा करत हुतो."

"झाला का?"

"झाला."

"मग सोड की आता. समदं गाव बघतंय."

मुंबईला उतरल्यावर कस्टमच्या साहेबाने पिंजऱ्याकडे बोट दाखवून पक्षी कुठे आहे ते विचारलं. कृष्णात म्हणाला, पक्षी नाही. मग पिंजरा कशाला, असं साहेबाने विचारलं. याचं खरं उत्तर एकाच शब्दात होतं, पण तो शब्द कस्टमच्या साहेबाला कसा सांगणार? साहेबाने पिंजऱ्याचा घुमट, खल, झाडू आणि डोक्यावरची टोपी हे सगळं एकत्र बघितलं आणि मंजुषाला हळूच विचारलं, यांच्यासोबत आपणच असता ना. ती हो म्हणाली. साहेबाने जाऊ दिलं.

घरी वाटप झालं. टोपी गोटीरामला दिली, ती त्याने त्याच क्षणी घातली आणि स्कूटरवर हेल्मेटच्या जागी घालून सारसोळ्यापर्यंत जाऊन आला. सरोजिनीबाईंना भीमाऐवजी पिंजरा मिळाला. त्यांनी तो घेतला, आभार मानले आणि चहा न घेता गेल्या.

मंजुषाने मात्र ते पांढरं कापड जेवणाच्या टेबलावर पसरलं. प्रवासात मेणाला बारीक तडे गेले होते. म्हातारीची वेल मध्यापर्यंत येऊन थांबली होती आणि पुढे सगळं कोरं. मंजुषाने बघितलं, बघितलं, आणि म्हणाली, पुढचं मी काढते.

तिने काढलं. चहाचं पातेलं कायमचं मेणाला दिलं. म्हातारीच्या वेलीपुढे तिची वेल आधी थरथरली, जाड झाली, मग हळूहळू चालायला शिकली. तिच्या कोयऱ्या म्हातारीच्या फुलांपेक्षा अंगाने भरलेल्या होत्या. दिवस गेले. कृष्णात संध्याकाळी बाजारातून येऊन समोर बसायचा, हात मांडीखाली घालून. निळ्या रंगात कापड बुडवायला त्याने मदत केली तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले आणि वाशीतल्या हमालांनी त्याला आठवडाभर रामराम घातला तो देव समजून.

आता राहिलं मेण काढणं. त्याला कापड उकळायला मोठं भांडं हवं. सोसायटीत एकच होतं, महाप्रसादाचं पातेलं, आणि ते सेक्रेटरींच्या ताब्यात. सरोजिनीबाईंनी लेखी अर्ज मागितला. कारण काय लिहायचं? कृष्णातने लिहिलं, कापड उकळणे. त्यावर कमिटी बसली. अन्न शिजवण्याच्या भांड्यात कापड उकळता येईल का, यावर सगळ्यांची मतं घेतली, आणि असा नियम नाही पण असायला हवा, असं ठरून अर्ज नाकारला गेला. पिंजरा हा शब्द त्या बैठकीत कुणीही उच्चारला नाही.

गोटीराम खुर्चीतून हे सगळं ऐकत होता. डोक्यावर टोपी होती. "टेन्शन कशाला घेतंव शेट," तो म्हणाला. "आमचे गोजराचा टोप हाय ना. मोठा हाय, पोर पन बसल त्यान."

टोप आला. काळाभोर, पोटाने रुंद, त्याला कुणी अर्ज मागितला नाही. गच्चीवर कृष्णातने पाणी उकळलं, मंजुषाने कापड सोडलं, काठीने हलवलं. मेण वर तरंगलं आणि खालून निळ्यावर पांढरी वेल उमलत आली. म्हातारीची बारीक, मंजुषाची जाड, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे सांधाच दिसेना. मंजुषाने ते कापड काठीवर उचलून उन्हात धरलं. दोन्ही बाजूंनी सारखीच नक्षी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते वाफेचं नव्हतं. कृष्णातला आपण तो सौदा जिंकला की हरलो हे अजून कळलं नव्हतं, पण विचारावंसं मात्र त्याला वाटेनासं झालं.

तो टोप गोजरा कशासाठी वापरायची, हे कुणी विचारलं नव्हतं. माहेरहून कोळंबी आली की ती त्यात उकडायची. लग्न झाल्यापासून.

कापड धुतलं, तीनदा धुतलं, लिंबू लावलं, उन्हात ठेवलं. थंड असताना काही नाही. पण अंगावर घेतलं, अंगाची ऊब लागली, की त्यातून दिवाळ्याचा किनारा जागा व्हायचा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंजुषा ते बाटिक ओढणीसारखं घेऊन निघाली. खालच्या हॉलपर्यंत जायचं होतं. जिन्यात सरोजिनीबाई भेटल्या, कापड उलटसुलट करून बघितलं, आणि असं एक आपल्यालाही करून मिळेल का, असं शक्य तितक्या सहज विचारलं. मंजुषा बघू म्हणाली. ते बघू ती फार सुंदर म्हणाली.

गोटीरामच्या गाळ्यापासून पहिलं मांजर मागे लागलं. पार्किंगमधून दोन आणखी आली. मंजुषा पुढे, ताठ मानेने, तिच्यामागे कृष्णात, आणि त्याच्यामागे शिस्तीत मांजरं. हॉलच्या दाराशी ती थांबली आणि हळूच म्हणाली, "अहो, खरं सांगा. वास येतो का?"

कृष्णातचं नाक सगळ्या फळबाजारात नावाजलेलं. बंद पेटीतला एक नासका आंबा तो पाच पेट्यांपलीकडून सांगतो.

"न्हाई," तो म्हणाला. आणि तिच्या ओढणीच्या टोकाला पंजा घालू बघणाऱ्या मांजराला त्याने पायाने हळूच मागे सारलं.